निवड कुणी करायची? एडिंबरा फ्रिंज आणि लहान प्रेक्षक

नाट्यमहोत्सवांचा इतिहास सांगताना आपण नाटककारांबद्दल बोलतो, दिग्दर्शकांबद्दल बोलतो. प्रेक्षक मागे राहतो, आणि प्रेक्षकांतलं लहान मूल तर राहतंच राहतं. आज त्या मुलाचा हात धरून आपण स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरात जाऊ या. प्रश्न एकच ठेवू: मुलाने कोणतं नाटक बघावं, हे ठरवतं कोण?

साल 1947. महायुद्ध संपून दोनच वर्षं झालेली, ब्रिटनमध्ये रेशनिंग अजून चालू. अशा वेळी एडिंबरात आंतरराष्ट्रीय महोत्सव भरला. ग्लाइंडबर्नच्या ऑपेराचे व्यवस्थापक रुडॉल्फ बिंग हे त्यामागचं प्रमुख नाव. नामवंत कलावंतांना रीतसर निमंत्रणं गेली. आणि आठ नाटकमंडळ्या निमंत्रण नसतानाच येऊन दाखल झाल्या, सहा स्कॉटलंडमधल्या, दोन इंग्लंडमधल्या. मोठी नाट्यगृहं त्यांना कुठली मिळायला! मग जिथे जागा मिळेल तिथे प्रयोग. एक प्रयोग तर शहराबाहेर, खाडीपलीकडच्या डनफर्मलिनच्या जुन्या अॅबेमध्ये झाला. पुढच्या वर्षी रॉबर्ट केम्प या नाटककार-पत्रकाराने या उपद्व्यापाबद्दल लिहिताना 'फ्रिंज' हा शब्द वापरला. फ्रिंज म्हणजे काठ, झालर. तेच नाव रूढ झालं.

त्या आठांमध्ये एक मंडळी कठपुतळ्यांचे खेळ करणारी होती. त्यावरून 'फ्रिंज पहिल्यापासून मुलांचं होतं' असं म्हणायचा मोह होतो. तो आवरायला हवा, कारण तिथे कठपुतळ्यांचे खेळ मोठ्यांसाठीही होत असत. पण मुलाला नेता येईल असा खेळ या काठावर पहिल्या वर्षीच होता, एवढं नक्की.

1950च्या दशकाच्या अखेरीस फ्रिंज सोसायटी स्थापन झाली. तिने माहिती द्यायची, तिकिटं विकायची, कार्यक्रमांची एकत्र पुस्तिका काढायची. नाटकांची निवड मात्र करायची नाही, हे तत्त्व पहिल्यापासून ठरलं. ज्याला जागा मिळेल आणि खर्च झेपेल, त्याने यावं. पहिलं फाटक असं उघडं राहिलं.

दुसरं फाटक सरकारी होतं. ब्रिटनमध्ये नव्या नाटकाच्या जाहीर प्रयोगाला लॉर्ड चेंबरलेन या दरबारी अधिकाऱ्याच्या कचेरीचा परवाना लागायचा. 1968च्या कायद्याने ती पद्धत गेली. महाराष्ट्रातल्या श्रोत्यांना यातला फरक चटकन कळेल, कारण आपल्याकडे संहिता आजही रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जाते.

आता बघा, 1968नंतर एडिंबरात काय स्थिती झाली? आयोजक निवडत नाही, सरकार अडवत नाही. नाटक करणाऱ्याला याहून मोठं स्वातंत्र्य कोणतं? त्याच्या बाजूने आम्हीही आहोत. पण सात वर्षांच्या मुलाला घेऊन आलेल्या आईच्या जागी उभे राहून बघू या. एकाच इमारतीत सकाळी बाहुल्यांचा खेळ, दुपारी शेक्सपिअर, रात्री शिवराळ स्टँड-अप. फाटकावर कुणीच नाही म्हटल्यावर राखणीचं काम तिच्याकडे आलं. आयोजकाचं आणि परीक्षकाचं काम पालकांनी करायचं, तेही पुस्तिका चाळत, मूल भुकेलं असताना, रस्त्यात उभं राहून.

या कामाला मदत म्हणून काही साधनं घडत गेली. पुस्तिकेत मुलांच्या कार्यक्रमांचा वेगळा विभाग आला, खेळापुढे वयाचे आकडे आले. रॉयल माइलवर कलाकार स्वतः पत्रकं वाटतात. पालक त्यांनाच विचारून घेतात, 'यात अंधार किती? आवाज मोठा आहे का?' आणि त्याच रस्त्यावर कसरती, जादूचे खेळ फुकट बघता येतात, शेवटी टोपीत पैसे टाकायचे. कंटाळलं मूल की चालू लागायचं. तिकीट काढून आत बसल्यावर ही सोय नसते.

एक गोष्ट तर ठरवून झालीच नाही. फ्रिंजचे बहुतेक खेळ तासाभराचे असतात, मध्यंतराशिवाय. कारण व्यवहाराचं आहे: एकच जागा दिवसभरात अनेक मंडळ्या वाटून घेतात, एकाने आवरलं की दुसऱ्याने मांडायचं. भाड्याच्या हिशेबातून आलेला हा तास लहान मुलाच्या बसण्याच्या ताकदीला मात्र नेमका बसला.

पण उघड्या दाराचा हिशेब इथे संपत नाही. मूल स्वतः महोत्सवाला जात नाही, त्याला कुणीतरी न्यावं लागतं. ज्या घरात नाटकाची आवड आहे, तिकिटांना पैसे आहेत, दुपार मोकळी आहे, त्या घरातलं मूल पोचतं. बाकीच्यांसाठी दार उघडं असून बंदच. त्यात स्कॉटलंडच्या शाळा ऑगस्टच्या मध्याला सुरू होतात आणि फ्रिंज ऑगस्ट संपेपर्यंत चालतो. म्हणजे शेवटच्या दिवसांत बाहेरगावची मुलं नाटकं बघतात आणि गावची मुलं वर्गात असतात.

याला उलट्या बाजूचं उत्तर त्याच शहरात 1990मध्ये मिळालं. मुलांसाठी स्वतंत्र आंतरराष्ट्रीय नाट्यमहोत्सव सुरू झाला, आज तो मे महिन्याच्या सुमारास भरतो. तिथे नाटकं जाणकार निवडतात आणि शाळा चालू असल्यामुळे अख्खे वर्गच्या वर्ग शिक्षकांबरोबर येतात. ज्याच्या घरी नाटकाचं नावही निघत नाही, तो मुलगाही रांगेत असतो. आपल्याकडे सुधा करमरकरांनी 1959मध्ये 'मधुमंजिरी'पासून बालरंगभूमी उभी केली, तीही याच जातीची: कुणीतरी जाणतेपणाने मुलांसाठी निवड केली.

मग कोणतं बरोबर? आमच्या मते इतिहास एकाला जिंकवत नाही. निवडीशिवायच्या काठावर मुलाला असं काही अचानक भेटतं, जे कोणत्याही समितीने त्याच्यासाठी निवडलं नसतं. निवडलेल्या महोत्सवात असं मूल येतं, जे त्या काठावर कधीच पोचलं नसतं. म्हणून कोणी 'आमचा महोत्सव सर्वांसाठी खुला आहे' असं म्हणालं, की आपण पुढचा प्रश्न विचारायला हवा: खुला आहे हे ठीक, पण मुलांना घेऊन कोण येणार? इथे थांबू या. आता तुमचे प्रश्न घेऊ.