राजाचं कारंजं आणि अर्ध्या इंचाचा पाइप

साताऱ्याच्या आमच्या घरामागे एक जुना गोल हौद आहे. अडीच मीटर रुंद, कमरेइतका खोल. दोन वर्षांपूर्वी बाबांनी तो साफ करून घेतला, गप्पी मासे सोडले आणि मला म्हणाले, "मधोमध कारंजं बसवू. तू इंजिनिअर ना? पंप केवढा घ्यायचा ते सांग."

डिग्री मेकॅनिकलची असली तरी गेली सहा वर्षं मी कोडच लिहितेय. पण बाबांना नाही कसं म्हणणार? ऑनलाइन शोधलं. एका पंपावर लिहिलं होतं : कमाल उंची २ मीटर, कमाल प्रवाह ताशी २००० लिटर. आम्हाला मीटरभर उंच धार हवी होती. म्हटलं, दुप्पट आहे, मागवून टाकू.

हौदातला पाला पंपात अडकू नये म्हणून पंप बाजूच्या छोट्या टाकीत ठेवायचा आणि तिथून आठ मीटर पाइप फरशीखालून मधल्या नोझलपर्यंत न्यायचा, असं ठरलं. प्लंबरकाका म्हणाले, "ताई, एक इंची टाकू. अर्ध्यात जोर मरतो." घरात अर्धा इंची पाइपाची गुंडाळी पडून होती. मी म्हटलं, "काका, नोझलचं भोकच आठ मिलिमीटरचं आहे. त्याला एक इंची पाइप कशाला?" काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि अर्धा इंची टाकला.

धार वीतभर उडाली. मग तीन मीटरवाला पंप आणला, तर हातभर. बाबांनी विचारलं, "चुकलं काय?" मी म्हटलं, "पाइपाचं काम नीट झालेलं नाही." हे खोटं नव्हतं. पण ज्या अर्थाने बाबांना ते कळलं, त्या अर्थाने खरंही नव्हतं. त्यांनी काकांचे राहिलेले पैसे अडवून ठेवले. मी काही बोलले नाही.

त्या रात्री मोबाइलवर कारंज्यांविषयी वाचत पडले आणि वाचता वाचता अठराव्या शतकातल्या जर्मनीत जाऊन पोचले.

बर्लिनजवळच्या पॉट्सडॅममध्ये प्रशियाचा राजा फ्रेडरिक दुसरा याने १७४५ ते १७४७ या काळात एक छोटा महाल बांधला. नाव ठेवलं सान्सुसी, म्हणजे फ्रेंचमध्ये 'चिंतेविना'. महालासमोर द्राक्षवेलींच्या पायऱ्या उतरत जातात आणि त्यांच्या पायथ्याशी राजाला एक उंच उडणारं कारंजं हवं होतं. व्हर्सायला आहे, मग आपल्याकडे का नको?

बेत साधा होता. जवळच्या हाफेल नदीचं पाणी पवनचक्कीवर चालणाऱ्या पंपांनी सुमारे ५० मीटर उंच टेकडीवरच्या हौदात चढवायचं. तिथून ते नळांतून खाली सोडायचं, की स्वतःच्या वजनानेच ते कारंज्यातून उसळेल. टेकडीवर हौद बांधला. तो नुसता दिसायला नको म्हणून भोवती खोटे रोमन भग्नावशेषही उभे केले. सजावट वेळेत झाली. पाणी काही चढलं नाही.

कारण नळ लाकडाचे होते. आधी पिंपासारख्या फळ्या जोडून वर लोखंडी पट्ट्या मारलेले नळ लावले. ते फुटले. मग झाडांचे ओंडके पोखरून बसवले. तेही फुटले.

१७४९ मध्ये हे प्रकरण लिओनहार्ड ऑयलरकडे आलं. हो, तोच. गणिताच्या पुस्तकात ज्याचं नाव पानोपानी भेटतं तो. १७४१ पासून तो बर्लिनच्या अकादमीत होता. त्याने गणित मांडलं आणि ऑक्टोबर १७४९ मध्ये राजाला कळवलं : हे नळ टिकणार नाहीत, आणि काम आहे तसंच ठेवलं तर वरच्या हौदात पाण्याचा थेंबही पोचणार नाही. नळ शिशाचे घ्या आणि त्यांची जाडी माझ्या गणितावरून नाही, प्रत्यक्ष प्रयोग करून ठरवा.

हे वाचून मी उठून बसले. जगातला सगळ्यात मोठा गणिती सांगतोय, की इथे माझं गणित पुरणार नाही, करून बघा.

ऑयलरच्या लक्षात आलेली गोष्ट अशी. नळातलं पाणी स्थिर असेल तर नळावरचा दाब फक्त उंचीवर ठरतो. ५० मीटर उंचीला साधारण ५ बार, म्हणजे गाडीच्या टायरमधल्या हवेच्या दुपटीहून जास्त. पण पंपाचा दट्ट्या दरवेळी अख्ख्या नळभर पाण्याला धक्का देऊन हलवतो, आणि त्या धक्क्याचा दाब वेगळा. नळ जितका लांब आणि अरुंद, तितका तो जास्त. म्हणजे प्रश्न एकट्या पंपाचा नव्हता. पंप आणि नळ मिळून एकच यंत्र होतं. त्याच महिन्यात त्याने यावर अकादमीत निबंधही वाचला.

पुढे धातूचे नळ आले, पण खर्च वाचवायला अरुंद घेतले गेले. १७५४ च्या गुड फ्रायडेला मात्र कारंजं उडालं, तासभर. तेही पंपामुळे नाही. टेकडीवरच्या हौदात पावसाचं आणि वितळलेल्या बर्फाचं पाणी साचलं होतं. पॉट्सडॅमच्या बांधकामांचा इतिहास लिहिणाऱ्या मांगर नावाच्या वास्तुकाराने नंतर दोष दिला तो अडाणी कारागिरांना आणि राजाच्या कंजूषपणाला.

राजाने कोणाला दिला?

१७७८ च्या जानेवारीत म्हाताऱ्या फ्रेडरिकने व्हॉल्तेअरला पत्र लिहिलं. त्यात कारंज्याची आठवण काढली आणि सांगितलं, की ऑयलरने हिशेब केला, चक्की गणिताप्रमाणे बांधली आणि पाण्याचा थेंब चढला नाही. वर गणिताच्या पोकळपणावर एक टोमणा. जो थेंब पोचणार नाही असं ऑयलरने आधी बजावलं होतं, तोच थेंब राजाने त्याच्या नावावर लावला. ऑयलर बारा वर्षांपूर्वीच बर्लिन सोडून सेंट पीटर्सबर्गला गेला होता आणि त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. त्या टोमण्याला उत्तर द्यायला तिथे कोणी नव्हतं. पुढे कितीतरी पुस्तकांनी हा किस्सा 'कागदी पंडित फसला' म्हणून सांगितला. त्याचं मूळ पत्र लोकांनी नीट वाचलं ते फार नंतर.

कारंजं शेवटी चाललं १८४२ मध्ये. राजा दुसरा, फ्रेडरिक विल्यम चौथा. बोर्झिग कारखान्याचं सुमारे ८० अश्वशक्तीचं वाफेचं इंजिन बसवलं आणि धार ३८ मीटर उडाली. इंजिनघर मशिदीसारखं बांधलंय आणि त्याचा मिनार म्हणजे धुराडं. ते आजही पॉट्सडॅममध्ये उभं आहे.

रात्री दीड वाजता मी कागद घेतला. जो हिशेब पंप मागवण्याआधी करायला हवा होता, तो आता केला.

मीटरभर धारेसाठी पाणी नोझलमधून सेकंदाला ४.४ मीटर वेगाने निघायला हवं. ८ मिलिमीटरच्या भोकातून याला ताशी सुमारे ८०० लिटर लागतात. एवढं पाणी आठ मीटर लांब अर्धा इंची पाइपातून ढकलताना नुसत्या घर्षणात सुमारे साडेतीन मीटर उंचीचा दाब खर्च होतो. एक इंची पाइपात? जेमतेम दहा सेंटीमीटर. व्यास निम्मा केला की तेवढ्याच प्रवाहासाठी तोटा बत्तीस पटींच्या आसपास जातो. नोझलचं भोक बोटभर लांब असतं. पाइप आठ मीटर असतो.

आणि खोक्यावरचे ते दोन 'कमाल' आकडे कधीच एकत्र मिळत नाहीत. कमाल उंचीला प्रवाह शून्य असतो आणि कमाल प्रवाहाला उंची शून्य. आपल्याला लागतो मधला बिंदू, म्हणून पंपाचा आलेख बघायचा. म्हणजे पहिला, छोटा पंप पुरेसा होता. काकांचं एक वाक्य ऐकलं असतं तर. 'अर्ध्यात जोर मरतो.' माझ्या पानभर गणिताचं उत्तर तेच आलं होतं.

इतका वेळ मी ऑयलरच्या बाजूने वाचत होते. या गोष्टीत मी राजा आहे, हे तेव्हा कळलं.

सकाळी बाबांना सगळं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "मग पैसे तूच नेऊन दे." दुपारी काकांच्या घरी गेले. माफी मागितली. त्यांनी पैसे मोजले, खिशात ठेवले आणि विचारलं, "एक इंची कधी टाकायचा?"

रविवारी फरशी पुन्हा उकरली. मोठा पंप आता गच्चीवरच्या झाडांना पाणी देतो. हौदात छोटाच आहे. धार मीटरभर उडते, वारं असलं की थोडी कमी. पाहुणे कौतुक करतात तेव्हा बाबा सांगतात, "आमच्या पोरीने हिशेब केलाय." मी दरवेळी सांगते, पाइप काकांनी ठरवलाय.