रानवाटेची शिदोरी

2018 च्या सप्टेंबरात आम्ही सिडनीस आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाकडे काही दिवस मुक्कामास होतो. वसई सोडून त्यांना वीस वर्षे झाली होती. एका संध्याकाळी दिवाणखान्यात पाऊल टाकले, तो जमिनीवर सारा संसार मांडलेला : तंबू, दोरी, छोटा स्टोव्ह, नकाशा, होकायंत्र, लोकरीचे मोजे आणि पाण्याच्या रिकाम्या बाटल्या. घरची पंधरा वर्षांची कन्या एकेक वस्तू वजनकाट्यावर ठेवून तिचे वजन वहीत टिपत होती. शाळेतील सहा मित्रमैत्रिणींसह ती तीन दिवस आणि दोन रात्री ब्लू माउंटन्सच्या रानात चालणार होती. शिक्षक असणार होते, पण दुरून. वाट शोधायची ती मुलांनीच. आईने लिंबाच्या लोणच्याची स्टीलची बरणी पुढे केली. मुलीने ती हातात घेऊन तोलली आणि हळूच बाजूस ठेवली. तेव्हा वडील आमच्याकडे वळून म्हणाले, "फादर, तुम्हीच सांगा तिला. तुमचे तरी ऐकेल."

आम्ही काही सांगितले नाही. खरे तर सांगण्याजोगे आम्हांस काही ठाऊकच नव्हते. मुलाबाळांना मुद्दाम रानात धाडण्याची ही रीत कोठून आली, याची विचारपूस आम्ही त्या रात्रीपासून सुरू केली.

प्रथम भूमीविषयी. आपल्या सह्याद्रीत माणूस पायथ्याच्या गावातून निघतो, दम लागेतो चढतो आणि थकल्यावर उतरतो. ब्लू माउंटन्समध्ये सारे उलटे आहे. तेथील गावे आणि रेल्वे वालुकाश्माच्या पठारावर आहेत. पठाराच्या कडेला सरळ तुटलेले कडे, आणि खाली निलगिरीच्या झाडांनी भरलेल्या दऱ्या. पदयात्री ताजातवाना असताना उतरतो, आणि शेवटच्या दिवशी, पाय दुखत असताना, त्याला चढावे लागते. नद्या दरीत, डोंगरधारा कोरड्या. गुंडुंगुर्रा आणि धारुग या आदिवासी जमाती हा मुलूख हजारो वर्षे जाणत होत्या. नवागत गोऱ्यांना मात्र तो 1813 पर्यंत ओलांडता आला नाही. त्या वर्षी ब्लॅक्सलंड, लॉसन आणि वेंटवर्थ या तिघांनी दऱ्यांचा नाद सोडून डोंगरधारेची वाट धरली, तेव्हा कोठे ते पार गेले.

अशा रानात केवळ आनंदासाठी चालणे ही विसाव्या शतकातील गोष्ट. मायल्स डन्फी नावाच्या तरुणाने, पुढे ते वास्तुशास्त्राचे अध्यापक झाले, 1914 साली सिडनीत सोबत्यांसह ‘माउंटन ट्रेल्स क्लब’ स्थापिला. हे गृहस्थ जेथे जात तेथील नकाशे स्वतः काढीत, आणि ते इतके नेटके असत की पुढच्या पिढीतील पदयात्री त्यांवरच विसंबून चालले. 1931 च्या सुमारास त्यांनी पत्नीसह आपल्या तान्ह्या मुलालाही रानात नेले, तेही मजबूत केलेल्या बाबागाडीतून! त्या गाडीस ‘कनांग्रा एक्सप्रेस’ असे नाव मिळाले होते. पदयात्रेची तयारी किती लहान वयापासून करावी, या प्रश्नाला यापेक्षा निर्धास्त उत्तर आमच्या पाहण्यात नाही.

डन्फींचा क्लब पुरुषांचा होता. 1927 साली स्थापन झालेल्या ‘सिडनी बुश वॉकर्स’ने स्त्रियांनाही प्रवेश दिला, ‘बुशवॉकिंग’ हा शब्द रूढ होण्यास हाच क्लब कारण झाला. येथे वर्गणी भरली की सभासद, असा प्रकार नव्हता. उमेदवाराला आधी काही चाचणी-पदयात्रा पार कराव्या लागत. सोबत्यांबरोबर तो कसा वागतो, थकल्यावर त्याच्या तोंडून काय निघते, हे जुनी मंडळी पाहून घेत. (आमच्या सेमिनरीतही ही कसोटी ठेवावयास हरकत नव्हती!) 1931 च्या ईस्टरमध्ये या मंडळींना ग्रोस नदीच्या दरीत निलगिरीचे एक जुने रान तोडले जाणार असल्याचे कळले. मंदीचे दिवस होते, अनेकांच्या नोकऱ्या गेल्या होत्या. तरी 130 पौंड जमवून त्यांनी त्या जमिनीचा हक्क विकत घेतला, आणि 1932 मध्ये ते ‘ब्लू गम फॉरेस्ट’ कायमचे राखले गेले.

त्याच मंदीत नोकरी गेलेला आणखी एक माणूस म्हणजे पॅडी पॅलिन. 1926 मध्ये इंग्लंडहून आलेल्या या गृहस्थाने 1930 साली बेकार झाल्यावर घरीच हलक्या कापडाच्या पाठपिशव्या आणि तंबू शिवून विकावयास आरंभ केला. तोवर पदयात्रींच्या खांद्यावर जड कॅनव्हासचे ओझे असे. सशक्त पुरुषाला ते पेलवेल, कोवळ्या मुलामुलींना नाही. 1933 मध्ये पॅलिन यांनी पदयात्रा आणि तळ ठोकणे या विषयांवर एक छोटे मार्गदर्शक पुस्तकही लिहिले. पंधरा वर्षांची मुलगी तीन दिवसांचे घर पाठीवर घेऊन निघू शकते, याचे श्रेय आम्ही कोणा शिक्षणतज्ज्ञापेक्षा या शिवणकाम करणाऱ्या बेकाराला अधिक देतो.

शिक्षणतज्ज्ञाचा वाटा वेगळा. कुर्ट हान हे जर्मनीतील यहुदी कुळातले मुख्याध्यापक. 1933 साली नाझींनी त्यांना अटक केली. सुटका झाल्यावर ते ब्रिटनला गेले आणि 1934 मध्ये स्कॉटलंडात त्यांनी गॉर्डनस्टन ही शाळा काढली. तरुणांना व्याख्यानांनी शहाणे करता येत नाही, त्यांच्यावर खरीखुरी जबाबदारी टाकावी लागते, ही त्यांची धारणा होती. त्यांच्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी एक, प्रिन्स फिलिप, यांच्या नावे 1956 साली ‘ड्यूक ऑफ एडिंबरा अवॉर्ड’ सुरू झाले. त्याची उभारणी 1953 च्या एव्हरेस्ट मोहिमेचे नेते जॉन हंट यांनी केली. सेवा, कौशल्य, व्यायाम आणि साहसी प्रवास अशी त्याची अंगे. प्रवासाच्या तीन पायऱ्या : कांस्यपदकासाठी दोन दिवस, रौप्यासाठी तीन, सुवर्णासाठी चार. ऑस्ट्रेलियात ही योजना लवकरच पोहोचली. आमच्या यजमानांची कन्या रौप्याच्या पायरीवर होती.

पूर्वतयारी कशी असते, हे तिने आम्हांस समजावून दिले. गट चारांपेक्षा लहान नसावा. एकाचा पाय मोडला तर एकाने त्याच्याजवळ थांबावे आणि दोघांनी मिळून मदतीस जावे. एकट्याने कोणीही रानात फिरू नये. नकाशावरील समोच्च रेषा वाचून आधीच वेळेचा हिशेब मांडावा लागतो. यासाठी नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाचा 1892 चा नियम अजून चालतो : दर तीन मैलांस एक तास, आणि दर दोन हजार फूट चढास आणखी एक तास. वाट नसलेल्या दाट झाडीत हा हिशेब पार कोलमडतो, हेही तिने प्रामाणिकपणे सांगितले. खऱ्या प्रवासाआधी सरावाचा प्रवास सक्तीचा असतो, आणि त्यात झालेल्या चुकांची चर्चा गटातच होते. त्यांच्या सरावात स्टोव्हचे इंधन घरी राहिले होते. सात जणांनी रात्री भिजवलेले कच्चे ओट्स खाल्ले.

वडील हे सारे ऐकत होते. मुलगी झोपावयास गेल्यावर त्यांनी आपल्या भीतीचे कारण सांगितले. डिसेंबर 2006 मधील बातमी त्यांनी विसरली नव्हती. याच अवॉर्डसाठी तीन मुले तीन दिवसांच्या पदयात्रेस ब्लू माउंटन्समधील माउंट सॉलिटरीकडे गेली. दक्षिण गोलार्धातला डिसेंबर म्हणजे भर उन्हाळा. जवळचे पाणी संपले, वाटेत मिळाले नाही. त्यांतील सतरा वर्षांचा मुलगा पाण्याच्या शोधात पुढे गेला आणि सोबत्यांपासून वेगळा झाला. त्याने मोबाइलवरून आणीबाणीच्या क्रमांकावर पुनःपुन्हा दूरध्वनी केला. पलीकडून त्याला रस्त्याचे नाव विचारले गेले. रानात रस्ता कोठला? आठ दिवसांनी त्याचे शव सापडले. 2009 च्या न्यायचौकशीत दूरध्वनी घेणाऱ्यांच्या वागण्यावर कठोर ठपका ठेवला गेला.

त्या मुलाविषयी वाचताना आमचे मन फार अस्वस्थ झाले. परंतु दोष केवळ दूरध्वनीपाशी थांबवणे आम्हांस पटत नाही. पाण्याचा प्रश्न दूरध्वनीच्या कितीतरी आधीचा आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो ओझे. हलके होण्याच्या हौसेत पहिली कात्री पाण्यालाच लागते, आणि नकाशावरच्या निळ्या रेषेत उन्हाळ्यात पाणी असेलच असे नाही. हे पोरांना कोणी तरी डोळ्यांत डोळे घालून सांगावे लागते. आज तेथील पोलीस आणि राष्ट्रीय उद्यानाचे अधिकारी पदयात्रींना उपग्रहाकडे संदेश पाठवणारे संकटसूचक यंत्र विनामूल्य वापरावयास देतात, आणि आपला मार्ग लेखी नोंदवून जाण्यास बजावतात. मोबाइलवर विसंबू नये, हा त्यामागचा अर्थ. कोणत्याही दरीत त्याची लहर पोहोचेल याची खात्री नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांनी मुलीला जाऊ नकोस असे म्हटले नाही. त्यांनी तिची वही मागून घेतली आणि तिन्ही दिवसांचा पाण्याचा हिशेब तिच्याकडून तोंडी म्हणवून घेतला : कोणता मुक्काम नदीकाठी, कोणता कोरडा, कोरड्या रात्रीसाठी माणशी किती लिटर, नदी आटलेली आढळली तर कोठून मागे फिरायचे. एका ठिकाणी ती अडली. नकाशा पुन्हा उघडला गेला, आणि सॅकमध्ये दोन लिटरची आणखी एक बाटली आली. तिच्यासाठी जागा करावयास मुलीने एक जाड पुस्तक बाहेर काढले.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही वडिलांसोबत कटूम्ब्यास गेलो. ठरलेल्या वेळेहून पाऊण तास उलटला. ते काही बोलत नव्हते. कड्याच्या कठड्यापाशी उभे राहून खालच्या पायऱ्यांकडे पाहत होते. अखेरीस झाडीतून आवाज आले, मग एकेक करून सातही डोकी वर आली. घामाने आणि मातीने माखलेल्या लेकीला जवळ घेण्याआधी वडिलांनी विचारले, "पाणी किती उरले?"

"एक लिटर," ती म्हणाली, आणि सॅक खाली टाकीत तिने आईला लोणच्याची बरणी आणली आहे का म्हणून विचारले.