रोजगार हमी योजना (खान्देश)

मागेल त्या प्रौढाला अंगमेहनतीचे काम देण्याची कायदेशीर हमी देणारी महाराष्ट्राची योजना. वि. स. पागे यांनी 1965 मध्ये सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे तिचा प्रयोग केला. 1972 च्या दुष्काळात ती राज्यभर पसरली. 1977 चा कायदा 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. पैसा प्रामुख्याने शहरी नोकरदार-व्यावसायिकांवरील व्यवसायकरातून आला, ही तिची खरी करामत.

कामाची मागणी नोंदवल्यावर 15 दिवसांत काम, नाहीतर बेकारभत्ता, असा नियम. मजुरी हजेरीपटावर मांडली जाई, पण ठरे ती कामाच्या मोजमापावरून. खोदलेल्या खड्ड्यात मूळ जमिनीचा मातीचा खुंट राखून ठेवत. त्यावरून खोली मोजायची. मुरमाड जमीन लागली की दिवसभर राबूनही रोज पडत नसे. केंद्राच्या 2005 च्या रोजगार हमी कायद्यानंतर खान्देशातील धुळे जिल्हा पहिल्याच टप्प्यात, 2006 मध्ये, राष्ट्रीय योजनेत आला. जळगाव 2008 मध्ये.

धुळे जिल्ह्यातील साक्री-शिरपूरकडील आदिवासी कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात. त्यांना थांबवायचे तर काम गावात आणि वेळेवर निघायला हवे; मजुरी उशिरा मिळाली तर ऊसतोडीच्या मुकादमाची रोख उचलच वरचढ ठरते. जळगावची खान्देश मिल ही कापडगिरणी बंद पडल्यावर रिकाम्या झालेल्या कामगारांच्या मात्र ही हमी फारशी उपयोगाची नव्हती. मूळ कायदा ग्रामीण भाग व ‘क’ वर्ग नगरपालिकांपुरता होता, आणि साच्यावरच्या कारागिराला तो देऊ शकत होता ते फक्त फावडे-टोपले.