टिचकीच्या आधीचा हुकूम

१९६० साली कुलाब्यात, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, आर. नरसिंहन आणि सहकाऱ्यांनी बांधलेला संगणक पूर्णपणे कामाला लागला. १९६२मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं नाव ठेवलं टिफ्रॅक. त्याची मेमरी २०४८ शब्दांची, एकेक शब्द ४० बिटांचा. म्हणजे सगळी मिळून १० केबी. व्हॉट्सॲपवरचा एक ‘शुभ सकाळ’ही तिच्यात मावला नसता. आयकॉन नाही, माउस नाही. सूचना यंत्राच्या भाषेत लिहायच्या, कागदी फितीवर भोकं पाडून उतरवायच्या आणि ती फीत यंत्राला वाचायला द्यायची.

लिहून हुकूम द्यायची ही रीत मोडीत निघालेली नाही. २००७मध्ये गूगलने अँड्रॉइडसाठी प्रोग्रामरांची अवजारं खुली केली. त्यांतलं एक अँड्रॉइड डीबग ब्रिज, म्हणजे एडीबी. सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. तिथे यूएसबी डीबगिंग चालू करा, केबल लॅपटॉपला जोडा आणि टाइप करा: ‘एडीबी शेल एएम स्टार्ट’, पुढे ॲपच्या पॅकेजचं आणि स्क्रीनचं नाव. काचेला बोट न लावता ॲप उघडतं. एएम म्हणजे ॲक्टिव्हिटी मॅनेजर. आयकॉन दाबला तरी अर्ज त्याच्याच टेबलावर जातो. ॲप शंभरदा उघडून तपासायचं असलं, तर प्रोग्रामर बोट झिजवत नाही, हीच ओळ शंभरदा चालवतो.

टिफ्रॅकला हुकूम देणारे मूठभर शास्त्रज्ञ होते. आज परळ-लालबागच्या खोलीत जुना लॅपटॉप आणि केबल असली तरी पुरतं. म्हणूनच ‘या संगणकाला परवानगी द्यायची का?’ असं फोन विचारतो, तेव्हा लॅपटॉप कुणाचा आहे ते पाहा. काम झालं की डीबगिंग बंद करा.