गर्भाशय खाली का येतं? एका मुंबईकर शल्यविशारदाचा वेगळा प्रश्न

‘अंग बाहेर येणं’ हे शब्द बहुतेक मराठी बायकांनी ऐकलेले असतात, पण मोठ्याने उच्चारलेले फार कमी वेळा. डॉक्टरी भाषेत याला प्रोलॅप्स म्हणतात. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आणि बंध सैल पडले की गर्भाशय, मूत्राशय किंवा गुदाशय योनीमार्गात खाली सरकतं. खोकताना, शिंकताना लघवी निसटणं हेही याच कुटुंबातलं दुखणं. माझं पीएचडीचं काम स्त्रीरोगशास्त्राच्या इतिहासावर आहे आणि या आजाराचा इतिहास वाचताना एक गोष्ट सारखी समोर येते: इलाज कोणता होणार हे दोन गोष्टींवर ठरतं. आजाराचं कारण काय मानलंय, आणि डॉक्टरच्या डोळ्यांसमोर रुग्ण म्हणून कोण आहे.

प्राचीन ग्रीक वैद्यकात गर्भाशय जागचं हलतं अशी समजूत होती. मग इलाजही तसाच. बाईला शिडीला उलटं बांधून हलवायचं, किंवा अर्धं डाळिंब आत बसवून गर्भाशय वर रोखून धरायचं. डाळिंबाची कल्पना हास्यास्पद वाटेल, पण आज डॉक्टर बसवतात ती सिलिकॉनची रिंग, म्हणजे पेसरी, त्याच तत्त्वावर चालते.

आता थेट एकोणिसाव्या शतकात येऊ. भूल आणि जंतुनाशकं आली आणि शस्त्रक्रिया शक्य झाली. १८८८ मध्ये इंग्लंडमधल्या मँचेस्टरला आर्चिबाल्ड डोनाल्ड यांनी एक शस्त्रक्रिया सुरू केली. पुढे विल्यम फॉदरगिल यांनी ती सुधारली. योनीच्या सैल भिंती शिवायच्या, लांबलेलं गर्भाशयमुख कापायचं आणि बाजूचे बंध आखूड करून पुढे शिवायचे. ही ‘मँचेस्टर शस्त्रक्रिया’ जगभर गेली. मुलं होऊन गेलेल्या बाईसाठी ती चांगलीच होती. पण गर्भाशयमुख कापलं की पुढे गर्भ राहणं कठीण होऊ शकतं, राहिलाच तर गर्भपाताची किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाची भीती असते.

इथे विठ्ठल नागेश शिरोडकर येतात (१८९९–१९७१). गोव्यातल्या शिरोड्याचे, शिक्षण मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि पुढे तिथेच प्राध्यापक. भारतात अंग बाहेर आलेल्या बायकांमध्ये तरुण मुलीही असत, काहींना तर अजून एकही मूल नसे. अशा बाईचं गर्भाशयमुख कापायचं, म्हणजे एक दुखणं काढून दुसरं द्यायचं. त्या काळात मूल नसलेल्या बाईचं घरात काय होत असे हे वेगळं सांगायला नको.

शिरोडकरांनी मँचेस्टर पद्धत बदलली. गर्भाशयमुख कापायचंच नाही. गर्भाशयाला मागून धरणारे बंध सोडवून पुढे आणायचे आणि गर्भाशयमुखाच्या पुढच्या बाजूला शिवायचे. त्यांची दुसरी शस्त्रक्रिया पोटातून होते: गर्भाशयाच्या मागच्या बाजूला एक पट्टी शिवून ती कण्याच्या तळाशी असलेल्या त्रिकास्थीच्या वरच्या कडेला बांधायची. झोळीच म्हणा ना. पोटाच्या भिंतीला गर्भाशय बांधणारी पुरंदरे यांच्या नावाची शस्त्रक्रियाही याच प्रश्नाचं उत्तर आहे. स्त्रीरोगशास्त्राच्या भारतीय पाठ्यपुस्तकांत या शस्त्रक्रिया आजही शिकवतात.

शिरोडकरांचं नाव जगाला माहीत आहे ते मात्र वेगळ्या कारणासाठी. सैल गर्भाशयमुखामुळे वारंवार गर्भपात होणाऱ्या बायकांसाठी त्यांनी १९५५ मध्ये मांडलेला टाका, ‘शिरोडकर स्टिच’. मला ही दोन कामं एकाच विचाराची वाटतात. दोन्हीकडे गर्भाशयमुख जपायचंय, कारण बाईला अजून मूल हवंय.

पण ‘कारण’ या बाजूचं काय? त्यासाठी या क्षेत्रात एक दाखला देतात. गर्भाशय म्हणजे धक्क्याला बांधलेली होडी, बंध म्हणजे दोर, आणि तळाचे स्नायू म्हणजे खालचं पाणी. पाणी भरपूर असेल तोवर दोरांवर ताण येत नाही. पाणी ओसरलं की सगळा भार दोरांवर, आणि ते हळूहळू ताणले जातात. आतापर्यंत सांगितलेल्या शस्त्रक्रिया मुख्यतः दोर दुरुस्त करतात. पाण्याकडे डॉक्टरांचं लक्ष वेधलं ते अमेरिकेतल्या अर्नोल्ड केगल यांनी, १९४८ मध्ये. बाळंतपणानंतर दुबळे झालेले हे स्नायू व्यायामाने पुन्हा बळकट करता येतात, हे त्यांनी दाखवलं. बाईला आपला जोर काट्यावर दिसावा म्हणून दाब मोजणारं एक यंत्रही बनवलं. २००० नंतरच्या एमआरआय आणि सोनोग्राफीच्या अभ्यासांतून तर हेही दिसलं, की काही बायकांमध्ये बाळंतपणात हा स्नायू हाडापासून सुटतोच.

म्हणूनच ‘पिशवी काढून टाका, कटकट संपेल’ हा सल्ला अपुरा आहे. होडी काढली म्हणून पाणी वाढत नाही. पिशवी काढल्यावर योनीचा वरचा भागही खाली येऊ शकतो.

पाणी ओसरायची कारणं घरातही सापडतात: पाठोपाठची बाळंतपणं, जड ओझी, जुना खोकला, बद्धकोष्ठ. आणि गप्प राहणं. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रिया तपासल्या, तो अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता. पूर्वी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. यात सगळेच स्त्रीरोग आले, अंग बाहेर येणं हा त्यातला एक. पण आकडे जे सांगतात ते इथेही लागू पडतं. शिरोडकरांचा टाका लंडनपर्यंत पोहोचला होता, गडचिरोलीतल्या बाईपर्यंत साधी तपासणीसुद्धा पोहोचली नव्हती.

तेव्हा घरात आई, मावशी, सासूबाई कुणी ‘खाली जड वाटतं’ म्हणाली, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. व्यायाम, रिंग, शस्त्रक्रिया, तिन्ही पर्याय आहेत, आणि कोणता योग्य हे तपासणीनंतरच ठरतं. पुढच्या लेखात पेसरीचा इतिहास सविस्तर पाहू. डाळिंबापासून सिलिकॉनपर्यंत बरंच काही घडलंय.