सागरकुंडे आणि सार्वजनिक स्नानाचा हक्क : न्यू साउथ वेल्सच्या किनाऱ्याचा दीड शतकाचा इतिहास

१

ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर, विशेषतः न्यू साउथ वेल्स राज्यात, सुटीचे दिवस घालविण्यास गेलेल्या प्रवाशास तेथील खडकाळ किनाऱ्यावर एका विशिष्ट प्रकारची जलाशये आढळतात. भरतीच्या रेषेलगतच्या सपाट खडकात एक खोलगट जागा असते. समुद्राच्या बाजूस तिला बुटकी भिंत घातलेली असते, अथवा मूळचा खडकच भिंतीचे काम करीत असतो. भरतीच्या वेळी लाटा या भिंतीवरून आत उतरतात आणि ओहोटीनंतर आत संथ पाणी शिल्लक राहते. अशी सुमारे शंभर जलाशये या एका राज्याच्या किनाऱ्यावर आहेत. प्रस्तुत लेखात त्यांस 'सागरकुंड' ही संज्ञा वापरली आहे.

सुटीवर आलेला मनुष्य कुंडाच्या पायऱ्या उतरून पाण्यात शिरतो. बहुतेक ठिकाणी त्यास काही मूल्य द्यावे लागत नाही, कोणाची अनुमतीही घ्यावी लागत नाही. त्यामुळे हे कुंड निसर्गाची देणगी आहे व त्यात उतरण्याचे स्वातंत्र्यही निसर्गदत्तच आहे, असा त्याचा समज होणे स्वाभाविक आहे. प्रवासवर्णनांतून व मार्गदर्शक पुस्तिकांतून हाच समज दृढ होतो. परंतु इतिहासाच्या अभ्यासकास तो मान्य करता येणार नाही. यांतील बहुतेक कुंडे माणसांनी खोदली वा बांधली आहेत. त्यांत कोणी, केव्हा व कोणत्या वेषात उतरावे याचे निर्णय माणसांनी घेतले, माणसांनी मोडले आणि माणसांनीच बदलले. ते निर्णय कसे बदलत गेले हे निवडक उदाहरणांच्या आधारे दाखविणे हा या लेखाचा उद्देश आहे.

प्रथम कुंडाच्या रचनेचा थोडा विचार करणे इष्ट ठरेल. सिडनी परिसरातील किनारा वालुकाश्माचा आहे. या खडकाचे थर बव्हंशी आडवे असून त्यांना उभ्या भेगा आहेत. लाटांच्या माऱ्याने कड्याचा पायथा झिजतो व समुद्रसपाटीच्या आसपास रुंद, सपाट कट्टे तयार होतात. येथील भरती-ओहोटीतील अंतर जास्तीत जास्त सुमारे दोन मीटर असते. कट्ट्यावरील खोलगट जागेला योग्य उंचीची भिंत घातली की पाणी प्रत्येक भरतीस आपोआप पालटते. भिंत फार उंच झाली तर पाणी कुजते, फार बुटकी राहिली तर पोहणारा लाटेबरोबर बाहेर ओढला जाण्याचे भय असते. कुंड मधूनमधून रिकामे करून शेवाळ खरवडावे लागते, काठाला हाताशी धरण्यासाठी साखळ्या बांधाव्या लागतात. सारांश, निसर्ग केवळ जागा देतो. कुंड टिकविण्यासाठी सतत श्रम करावे लागतात. हे श्रम कोणी केले हा प्रश्न आपणास आरंभापासून विचारावा लागेल.

२

या इतिहासाचा आरंभ न्यूकॅसल येथील 'बोगी होल' या कुंडापासून करणे सयुक्तिक होय. १७८८ पासून ब्रिटनने आपले शिक्षा झालेले गुन्हेगार या वसाहतीत पाठविण्यास सुरुवात केली. वसाहतीत आल्यावर ज्यांनी पुन्हा गुन्हा केला अशांसाठी १८०४ मध्ये सिडनीच्या उत्तरेस, हंटर नदीच्या मुखाशी, आणखी कठोर ठाणे वसविण्यात आले. ते न्यूकॅसल. काळ्या पाण्याची शिक्षा भोगणाऱ्यांसाठी हे दुसरे काळे पाणीच होते. कोळसा खणणे, देवदार जातीची झाडे तोडणे आणि शिंपले जाळून चुना पाडणे ही तेथील कैद्यांची कामे होत.

१८१८ च्या अखेरीस जेम्स मॉरिसेट हा लष्करी अधिकारी या ठाण्याचा प्रमुख झाला. त्याच्या आज्ञेवरून १८१९ च्या सुमारास कैद्यांनी कड्याच्या पायथ्याशी खडक फोडून एक स्नानकुंड तयार केले. ते केवळ त्याच्या वैयक्तिक उपयोगासाठी होते आणि दीर्घकाळ 'कमांडंटचे स्नानगृह' याच नावाने ओळखले जात असे. समुद्र समोर पसरला असता एका अधिकाऱ्याच्या स्नानासाठी शिक्षा भोगणाऱ्या माणसांकडून खडक फोडून घेण्यात आला, या घटनेत तत्कालीन सत्तासंबंधांचे स्पष्ट दर्शन घडते.

पुढे रूढ झालेले 'बोगी' हे नावही तितकेच बोलके आहे. सिडनी परिसरातील मूळ रहिवाशांच्या धारुग भाषेत स्नान करणे, पाण्यात बुडी मारणे या अर्थी जे क्रियापद होते त्यावरून वसाहतीच्या इंग्रजीत हा शब्द आला. न्यूकॅसलचा प्रदेश अवाबकल लोकांचा होता. म्हणजे, ज्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या लोक पाण्यात उतरत आले होते, तेथे नव्या सत्ताधीशाने आपले खासगी कुंड खोदविले आणि कालांतराने त्याला नाव मिळाले ते मूळ रहिवाशांच्याच एका भाषेतले. भूमी गेली, शब्द राहिला. वसाहतींच्या इतिहासात स्थलनामे हे पुराव्याचे महत्त्वाचे साधन का मानावयाचे, याचे हे चांगले उदाहरण आहे.

कैद्यांचे ठाणे न्यूकॅसलहून हलविण्यात आले आणि तेथे नागरी वस्ती वाढली. १८६३ मध्ये हे कुंड नगरपालिकेच्या ताब्यात येऊन सर्वसामान्यांस खुले झाले, व १८८४ मध्ये ते वाढविण्यात आले. अधिकाऱ्याचे खासगी कुंड नगराची मालमत्ता होण्यास चव्वेचाळीस वर्षे लागली.

३

कुंड सार्वजनिक झाले म्हणजे स्नानाचा हक्क सर्वांस मिळाला असे मात्र नव्हे. १८३३ मध्ये वसाहतीच्या सरकारने कायदा करून सिडनी कोव्ह व डार्लिंग हार्बर येथे सकाळी सहा ते रात्री आठ या वेळात स्नान करण्यास मनाई केली. १८३८ च्या कायद्याने ही मनाई नगरांतील धक्के, रस्ते, पूल इत्यादी सार्वजनिक स्थळांवरून दिसणाऱ्या सर्व पाण्यास लागू झाली. सभ्यतेच्या तत्कालीन कल्पना हे तिचे कारण होते. ज्या कुटुंबांस घरी स्नानाची सोय होती त्यांस या मनाईचा जाच नव्हता; दिवसभर राबणाऱ्यांस पहाट किंवा रात्र एवढीच मुभा उरली.

या पार्श्वभूमीवर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कुंडांना महत्त्व आले. कड्याच्या आडोशास असलेले, कुंपण घातलेले, स्त्री-पुरुषांसाठी वेगळे अथवा वेगवेगळ्या वेळी खुले असलेले कुंड कायद्याच्या कक्षेत बसत असे. शिवाय ते शार्कपासून व उसळत्या लाटांपासून संरक्षण देत असे. याच काळात श्रमिकांच्या जीवनात फुरसत निर्माण होत होती. १८५५-५६ मध्ये सिडनी व मेलबर्न येथील पाथरवटांनी आठ तासांचा दिवस मिळविला होता. १८८३ मध्ये वाफेवर चालणारी ट्राम कूजीच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचली आणि थोड्या पैशांत समुद्र गाठणे शक्य झाले. १८८७ मध्ये ब्राँटे येथील कुंड खुले झाले. सुटी, ट्राम आणि कुंड या तीन गोष्टी एकमेकींच्या आधाराने वाढल्या असे म्हणावयास हरकत नाही.

दिवसाढवळ्या समुद्रस्नान करण्यावरील बंदीस जाहीर आव्हान दिले गेले ते १९०२ मध्ये. मॅनली येथील एका वृत्तपत्राचा संपादक विल्यम गोचर याने आगाऊ घोषणा करून ऑक्टोबर महिन्यात भर दुपारी समुद्रात प्रवेश केला. पोलिसांनी अखेर त्यास पाण्याबाहेर नेले, परंतु त्याजवर खटला भरला गेला नाही. १९०३ च्या नोव्हेंबरात मॅनलीच्या नगरपालिकेने गळ्यापासून गुडघ्यापर्यंत अंग झाकणारा वेष घालण्याच्या अटीवर दिवसभर स्नानास मुभा दिली. लोकस्मृतीने याचे सारे श्रेय गोचरला दिले आहे. वस्तुतः तोवर मनाईची अंमलबजावणी शिथिल झाली होती आणि अनेक अनामिक माणसे तिचा भंग करीतच होती. एका व्यक्तीच्या धाडसास कायद्यातील बदलाचे एकमेव कारण मानणे हा इतिहासलेखनातील नेहमीचा मोह आहे; त्यापासून येथेही सावध राहावयास हवे.

पुढील वाद वेषाचा होता. १९०७ मध्ये काही नगरपालिकांनी पुरुषांच्याही पोहण्याच्या वेषास घागऱ्यासारखी झालर असावी असे सुचविले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात बाँडाय, मॅनली व कूजी येथे पुरुषांनी बायकांचे परकर घालून किनाऱ्यावर मिरवणुका काढल्या. सूचना बारगळली.

४

स्त्रियांच्या स्नानाचा इतिहास याहून गुंतागुंतीचा आहे. कूजी येथे स्त्रियांसाठी राखलेले कुंड १८८६ मध्ये बांधण्यात आले. तत्पूर्वीही स्त्रिया त्या जागेचा उपयोग करीत होत्या. पुढे मॅकआयव्हर कुटुंबाने ते चालविले, व त्यांचेच नाव त्यास मिळाले. तेथून जवळच १९०७ मध्ये हेन्री वायली या नामांकित जलतरणपटूने आपले कुंड उभारले. स्त्री-पुरुषांस एकत्र पोहू देणाऱ्या देशातील आरंभीच्या कुंडांत त्याची गणना होते. त्याची कन्या मीना वायली तेथेच तयार झाली.

१९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या जलतरण स्पर्धा प्रथमच घेण्यात आल्या. परंतु न्यू साउथ वेल्समधील महिला जलतरण संघटनेच्या नियमानुसार पुरुष प्रेक्षकांसमोर स्त्रियांनी स्पर्धेत उतरणे निषिद्ध होते. या नियमाची खंबीर पुरस्कर्ती होती संघटनेची अध्यक्षा रोझ स्कॉट. आणि हीच बाई स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीतील अग्रणी होती. १९०२ मध्ये त्या राज्यात स्त्रियांस मताधिकार मिळाला, त्यात तिचा वाटा मोठा होता. मतपेटीपर्यंत स्त्रीने जावे, परंतु पुरुषांच्या दृष्टीसमोर पाण्यात उतरू नये, ही भूमिका आज विसंगत वाटते. तथापि तिच्या दृष्टीने दोन्ही गोष्टींचे मूळ एकच होते, ते म्हणजे स्त्रीच्या प्रतिष्ठेचे रक्षण. लोकमताच्या रेट्याने नियम शिथिल झाला, स्कॉटने पद सोडले, आणि शंभर मीटरच्या शर्यतीत फॅनी ड्युरॅक हिने सुवर्णपदक व मीना वायलीने रौप्यपदक मिळविले.

तरीही केवळ स्त्रियांसाठी असलेले कूजीचे कुंड नाहीसे झाले नाही. १९२० नंतरच्या दशकापासून स्त्रियांची एक जलतरण संस्था ते चालवीत आहे. भेदभाव-प्रतिबंधक कायद्यान्वये त्यास आक्षेप घेतला गेला, तेव्हा १९९५ मध्ये त्यास सवलत देण्यात आली. एकेकाळी स्त्रीवर लादलेला आडोसा पुढे तिने स्वतः हवासा मानला. भिंत तीच राहिली, तिचा अर्थ बदलला.

५

१९३० नंतरच्या जागतिक मंदीत न्यू साउथ वेल्समधील कामगारांचा जवळजवळ तिसरा हिस्सा बेकार झाला. सरकारने काढलेल्या दुष्काळी कामांसारख्या योजनांतून या काळात किनाऱ्यावर अनेक कुंडे बांधली वा सुधारली गेली. न्यूकॅसलनजीकच्या मेरीवेदर येथील विस्तीर्ण कुंड १९३५ मध्ये खुले झाले. १८१९ मध्ये बेड्यांतील माणसांनी एका अधिकाऱ्यासाठी खडक फोडला होता. आता त्याच किनाऱ्यावर मजुरी घेऊन काम करणारी माणसे आपल्या मुलाबाळांसाठी कुंडे बांधीत होती. १९४४ मध्ये राज्यात पगारी वार्षिक रजेचा कायदा झाला, आणि सुटीतील समुद्रस्नान सामान्य कुटुंबाच्या जीवनाचा भाग बनले.

या सुखद चित्रास एक काळी कड आहे. ज्यांच्या भाषेतून 'बोगी' हा शब्द आला त्या मूळ रहिवाशांस सार्वजनिक पाणी अनेक ठिकाणी बंदच होते. किनाऱ्यापासून दूर असलेल्या मोरी या गावी नगरपालिकेने १९५५ मध्ये ठराव करून त्यांस स्नानगृहात प्रवेश नाकारला होता. १९६५ च्या फेब्रुवारीत सिडनी विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी चार्ल्स पर्किन्स यांच्या नेतृत्वाखाली तेथे जाऊन मूळ रहिवाशांच्या मुलांसह प्रवेश मागितला, जमावाचा रोष सोसला, आणि नगरपालिकेस ठराव मागे घेण्याचे मान्य करावे लागले. पर्किन्स स्वतः मूळ रहिवाशांपैकीच होते. ज्यांनी महाडच्या चवदार तळ्याचा १९२७ चा सत्याग्रह अभ्यासिला आहे, त्यांस या प्रसंगाचे मर्म वेगळे सांगावयास नको. महाडचा प्रश्न पिण्याच्या पाण्याचा व जातिव्यवस्थेचा होता, मोरीचा प्रश्न पोहण्याचा व वर्णभेदाचा होता; हा भेद महत्त्वाचा आहे. परंतु 'सार्वजनिक' या शब्दात कोणाचा समावेश होतो, हा प्रश्न दोन्हीकडे समान आहे.

६

वरील विवेचनावरून असे दिसते की, सागरकुंडाच्या इतिहासात प्रत्येक प्रवेशाबरोबर एक नवी मर्यादाही आली. कुंड अधिकाऱ्याकडून नगराकडे आले तेव्हा वेळेची अट होती. वेळेची अट गेली तेव्हा वेषाची आली. पुरुषांचा वेषाचा वाद मिटला तेव्हा स्त्रियांचा दृष्टीआडपणाचा प्रश्न शिल्लक होता. आणि हे सर्व सुटत असता या भूमीचे मूळ रहिवासी दाराबाहेरच उभे होते. हक्कांचा विस्तार सरळ रेषेत होत नाही, आणि एका गटास मिळालेला हक्क दुसऱ्या गटाच्या वगळण्यावर पडदा टाकू शकतो.

या विषयाकडे इतिहासकारांनी दीर्घकाळ दुर्लक्ष केले, कारण सुटी व करमणूक हे त्यांस गंभीर विषय वाटले नाहीत. परंतु मनुष्य आपल्या फुरसतीत कोठे जाऊ शकतो व कोठे जाऊ शकत नाही, यावरून त्या समाजाची घडण जितकी स्पष्ट कळते, तितकी ती पुष्कळदा राजपत्रांवरूनही कळत नाही. नगरपालिकांचे ठराव, पोलिसांचे कायदे, जलतरण संस्थांचे नियम आणि खडकावरील छिन्नीच्या खुणा ही येथील साधने आहेत. त्यांपैकी शेवटचे साधन मागे ठेवून जाणाऱ्यांची नावे कोणत्याही फलकावर नाहीत. सुटीवर आलेला मनुष्य ज्या पाण्यास निसर्गाची देणगी मानतो, त्याच्या तळाशी त्यांचे श्रम आहेत. ती नोंद करणे हे इतिहासाचे कर्तव्य होय.