सरकारी चाळींचा जमाखर्च

सन २०२५ च्या ऑगस्ट महिन्यांत वरळीच्या जुन्या सरकारी चाळींतील ५५६ कुटुंबांस नव्या उत्तुंग इमारतींतील घरांच्या किल्ल्या मिळाल्या. एकशें साठ चौरस फुटांच्या खोलींतून पांचशें चौरस फुटांच्या घरांत, आणि तेंही विनामूल्य, हा पालट सामान्य नव्हे. ज्यांच्या तीन-तीन पिढ्या एका खोलींत वाढल्या त्यांच्या आनंदांत आम्ही मनःपूर्वक सहभागी आहों. परंतु त्या समारंभाचीं वर्णनें वाचतांना आमच्या मनांत एक निराळाच विचार आला. या चाळींस सारी मुंबई 'बीडीडी चाळी' म्हणते. पण हीं अक्षरें कशाचीं, हें विचारलें तर पुष्कळ सुशिक्षितांसही सांगतां येत नाहीं. 'बाँबे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट' या नांवाचें एक खातें १९२० सालीं निघालें, त्यानें हें बांधकाम केलें, आणि थोड्याच वर्षांत तें नामशेष झालें. खातें गेलें, चाळी राहिल्या. आतां चाळीही चालल्या. त्या पुरत्या जाण्यापूर्वीं, सरकारनें या शहरांत गरिबांच्या निवाऱ्यावर जो पैसा खर्च केला त्याचा हिशेब एकदां मांडून पाहावा, अशी आमची इच्छा आहे.

या हिशेबाचें पहिलें पान १९२० चें नसून १८९६ चें आहे. त्या वर्षाच्या सप्टेंबरांत मांडवी भागांतील एका रोग्यास ग्रंथिक सन्निपात, म्हणजे प्लेग, झाल्याचें डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं ओळखलें. पुढील कांहीं महिन्यांत लाखों लोक मुंबई सोडून गांवीं गेले. १८९१ च्या शिरगणतींत ८,२१,७६४ असलेली लोकसंख्या १९०१ मध्यें ७,७६,००६ भरली, यावरून त्या आपत्तीची कल्पना यावी. गिरण्यांत माणूस मिळेना, बंदरांत माल पडून राहूं लागला, परदेशीं मुंबईच्या जहाजांकडे संशयानें पाहूं लागले. सरकारच्या मनांत करुणा नव्हतीच असें आम्ही म्हणत नाहीं. पण मांडवीच्या अंधाऱ्या खोल्या पूर्वींही होत्या, आणि त्यांकडे इतक्या तातडीनें लक्ष कोणाचें गेलें नव्हतें. बंदराचा व्यापार बुडूं लागला तेव्हां तें गेलें. लॉर्ड सँढर्स्ट गव्हर्नर असतां १८९८ सालीं कायदा होऊन 'सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन झाला.

येथें एक गमतीची गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. घाण, कोंदट हवा आणि अंधार यांतून प्लेग उपजतो, ही त्या वेळची सरकारी समजूत होती, आणि तिच्या पायावर ट्रस्टची सारी इमारत उभी राहिली. ट्रस्ट स्थापन झाला त्याच वर्षीं पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनें कराचींत प्रयोग करून, हा रोग उंदरावरच्या पिसवा पसरवितात, असें दाखवून दिलें होतें. त्याचें म्हणणें सर्वमान्य व्हावयास आणखी कांहीं वर्षें गेलीं. तोंवर इकडे हवेसाठीं रस्ते फोडण्याचें काम सुरू झालें होतें. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँढर्स्ट रोड हे पूर्व-पश्चिम रस्ते पश्चिमेचें समुद्रवारें दाट वस्तींत शिरावें म्हणून काढले गेले. निदान चुकलेलें असतांही औषधानें थोडा गुण द्यावा, तसें झालें. उजेड आणि वारा कोणास नको असतो?

पण रस्ता निघावयाचा तर घरें पाडलीं पाहिजेत, आणि घरें पाडावयाचीं तर मालकांस भरपाई दिली पाहिजे. ट्रस्टला सरकारी जमिनी मिळाल्या होत्या, कर्जरोखे काढण्याची मुभा होती, म्युनिसिपालिटीनें दरसाल ठराविक वर्गणी द्यावयाची होती. या पैशाचा मोठा ओघ घरमालकांकडे गेला. भरपाई ठरे ती भाड्याच्या उत्पन्नावर. म्हणजे ज्यानें एका खोलींत अधिक माणसें कोंबून अधिक भाडें काढलें असेल त्यास रक्कमही अधिक. खुद्द ट्रस्टचे एक अध्यक्ष जे. पी. ऑर यांना ही विपरीत व्यवस्था खटकत असे. हे ऑरसाहेब मोठे चिकित्सक गृहस्थ. इमारतीच्या तळापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत काढलेली रेषा जमिनीशीं साडेत्रेसष्ट अंशांहून मोठा कोन करूं नये, म्हणजे दोन इमारतींमधील मोकळी जागा उंचीच्या निम्मी तरी असावी, असा नियम त्यांनीं हिरिरीनें पुढें मांडला. नियम उत्तम होता. परंतु ज्या हमालाची खोली पाडली गेली त्याला नव्या खोलींत किती अंशांनीं उजेड येतो यापेक्षां ती बंदरापासून किती लांब आहे आणि तिचें भाडें किती, हें आधीं पाहावें लागे. ट्रस्टनें चाळी बांधल्या, त्या चांगल्याही होत्या. मात्र उठविलेल्यांपैकीं पुष्कळ लोक त्यांत न जातां शेजारच्याच गल्लींतील अर्धवट पडक्या घरांत दाटीवाटीनें शिरले. पाडलेली एक गर्दी दुसरीकडे उभी राहिली.

ट्रस्टनें उत्तरेकडे दादर, माटुंगा, वडाळा, शीव येथील शेतें घेऊन तेथें रुंद रस्ते आणि आखीव भूखंड तयार केले. शहराचा मध्य पाडून सुधारण्यापेक्षां बाहेर जागा मोकळी करून दिल्यास मध्यावरची गर्दी आपोआप विरळ होईल, असा त्यामागील तर्क. भूखंड गेले कोणाकडे? ज्यांच्यापाशीं नियमित पगार होता, सहकारी संस्था काढण्याइतकें संघटन होतें, अर्ज लिहिण्याइतकी इंग्रजी होती, त्यांच्याकडे. दादरची हिंदु कॉलनी, पारशी कॉलनी, माटुंग्याच्या वसाहती या त्यांतूनच उभ्या राहिल्या. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचीं आजोळें तेथलीं असतील. आमचें स्वतःचेंही बालपण अशाच एका वसाहतींत गेलें, आणि त्या झाडांच्या सांवलीबद्दल आम्ही कृतघ्न नाहीं. मात्र गरिबांच्या नांवानें उघडलेल्या खात्यांतून पांढरपेशांस जें मिळालें तें खर्चाच्या बाजूस प्रामाणिकपणें मांडावयास हवें. आपण सरकारकडून कांहीं घेतलें नाहीं, आपण आपल्या कमाईनें वर आलों, असें या वर्गांत पुष्कळदां बोललें जातें, म्हणून हें लिहितों.

या दोन्ही बाजू एकाच चरित्रांत एकत्र आलेल्या दिसतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कित्येक वर्षें परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळींत दोन खोल्यांत राहत होते. परदेशांतून मोठमोठ्या पदव्या घेऊन आल्यावरही त्यांचें बिऱ्हाड तेथेंच होतें. अस्पृश्य मानलेल्या जातींच्या माणसास खाजगी चाळींत खोली मिळणें दुरापास्त; जात कळली कीं 'जागा नाहीं' हें उत्तर ठरलेलें. सरकारी चाळीचा दरवाजा त्यास, निदान नियमानें, उघडा होता. पुढें १९३० नंतरच्या दशकांत त्यांनीं ग्रंथांसाठीं आणि कुटुंबासाठीं 'राजगृह' बांधलें, तें दादरच्या हिंदु कॉलनींत. तीही ट्रस्टनेंच आखलेली भूमि. परळच्या चाळींतून दादरच्या भूखंडापर्यंतचें अंतर जेमतेम दोन मैलांचें. तें तोडावयास असामान्य विद्वत्ता आणि वीसएक वर्षें लागलीं.

आतां १९२० कडे येऊं. पहिल्या महायुद्धामुळें महागाई भडकली होती, गिरणीकामगारांचे मोठे संप १९१९ व १९२० सालीं होऊन गेले होते, आणि घरभाड्यावर कायद्यानें निर्बंध घालावा लागला होता. सर जॉर्ज लॉइड हे गव्हर्नर मोठ्या उमेदीचे. त्यांनीं नवें खातें काढलें, विकासकर्ज उभारलें, आणि आठ वर्षांत कामगारांसाठीं ५०,००० खोल्या बांधण्याचा संकल्प सोडला. खर्चाच्या मानानें येणारें भाडें कामगारास झेपणार नाहीं हें सरकारनें आधींच ओळखलें, आणि तूट भरून काढण्यासाठीं मुंबईंत येणाऱ्या कापसाच्या दर गासडीवर एक रुपया कर बसविला. गिरणीच्या कच्च्या मालावर कर आणि त्यांतून गिरणीच्या मजुरास छप्पर, ही कल्पना आजही आम्हांस न्याय्य वाटते. घरासाठीं लागणारा पैसा कोठून यावा, याचा इतका सरळ विचार त्यानंतर क्वचितच झाला.

पण प्रत्यक्षांत सुमारें १६,५०० खोल्या झाल्या. वरळीस १२१, नायगांवांत ४२, डिलाइल रोडवर ३२ आणि शिवडीस १२, अशा एकूण २०७ चाळी उठल्या. तळमजला धरून चार मजले, मजल्यावर वीस खोल्या, मधून जाणारा बोळ, सामायिक शौचकूप, आणि सगळें सिमेंट-काँक्रीटचें. युद्धोत्तर चढ्या भावानें सामान घेतलें गेलें आणि चाळी तयार होतां होतां मंदी आली. वरळी त्या वेळीं गिरण्यांपासून लांब. बाजार नाहीं, रस्त्यावर दिवा नाहीं, पाळी संपवून रात्रीं परतणाऱ्यानें अंधारांतून चालत यावें. खोल्या उन्हाळ्यांत तापतात, बोळांत दिवसाही उजेड नाहीं, अशा तक्रारी निघाल्या. मजुरांनीं हिशेब केला, आणि परळ-लालबागच्या जुन्या चाळी पत्करल्या. वरळीच्या चाळींतल्या शेंकडों खोल्या रिकाम्या राहिल्या. त्यांचा उपयोग अखेर सांपडला तो असा कीं, १९३० च्या कायदेभंगांत तुरुंग भरून गेल्यावर सरकारनें यांपैकीं कांहीं चाळींत सत्याग्रही कोंडले. ज्या खोल्यांस भाडेकरू मिळत नव्हते त्यांत कैदी आले! पुढें १९४२ मध्यें वरळीच्या तुरुंगाचा पुन्हा तोच उपयोग झाला.

त्याच खात्याचा दुसरा उद्योग बॅकबेचा. ११४५ एकर समुद्र भरून जमीन काढावयाची, ती विकून नफा करावयाचा, असा तो बेत. खर्च भरमसाट वाढला, भरावाचा गाळ टिकेना, आणि खु. फ. नरीमन यांनीं कारभारांतले घोटाळे धसास लावले. हार्वे नांवाच्या अधिकाऱ्यानें त्यांच्यावर अब्रूनुकसानीची फिर्याद केली, तींतून ते १९२८ सालीं निर्दोष सुटले. जी जमीन निघाली ती योजनेच्या निम्म्याहून कमी. तिच्यावर मरीन ड्राइव्हच्या डौलदार इमारती उठल्या. एकाच खात्याच्या एका हातानें मजुरांस वरळीचा माळ दिला, दुसऱ्या हातानें धनिकांस समुद्रकिनारा. आणि लोकांच्या स्मरणांत दुसरा हातच अधिक राहिला.

चाळी पुढें भरल्या, आणि अशा भरल्या कीं श्वास घ्यावयास जागा उरली नाहीं. १९३१ च्या शिरगणतींत मुंबईचे जवळजवळ तीन-चतुर्थांश लोक एका खोलींत राहणारे आढळले. दुसऱ्या महायुद्धांत गिरण्या तीन पाळ्यांवर गेल्या. एका खोलींत एका पाळीचे लोक झोपत तेव्हां दुसऱ्या पाळीचे कामावर असत. सातारा, रत्नागिरी, पुणें जिल्ह्यांतून आलेले हे गडी एखाद्या खानावळवालीकडे महिन्याच्या बोलीवर जेवत. खोली एकाच्या नांवावर, आणि तींत राहणारे दहा-बारा. सरकारच्या वहींत एकाचें नांव, बाकीचे कोणाचे 'पाहुणे'.

दार सर्वांस उघडें ठेवल्यानें शेजार तयार होतो, अशी एक समजूत असते. या चाळींत नियमानें कोणासही खोली मिळे. पण कांहीं इमारती बहुतांशीं दलितांच्या, कांहीं सवर्णांच्या, अशी वाटणी राहिलीच. सार्वजनिक गणपति, आंबेडकर जयंति, व्यायामशाळा, भजनी मंडळें हें सारें या माळावर फुललें, ही या वस्तीची खरी कमाई. त्याच माळावर जानेवारी १९७४ मध्यें दलित पँथरच्या सभेनंतर दंगल पेटली आणि ती शेजारच्या वस्त्यांत पसरली. पँथर आणि शिवसेना या दोन्हींकडचीं मुलें एकाच खात्यानें बांधलेल्या, एकाच मापाच्या खोल्यांत वाढलीं होतीं. काँक्रीटच्या खर्चांत शेजारधर्माची तरतूद नव्हती, आणि ती कोणत्या सदराखालीं करतां आली असती हें आम्हांसही सांगतां येत नाहीं.

मधल्या काळाचा वृत्तांत थोडक्यांत आटोपतों. ट्रस्ट १९३३ सालीं म्युनिसिपालिटींत विलीन झाला. स्वातंत्र्यानंतर हाउसिंग बोर्ड निघालें, १९५२ मध्यें औद्योगिक कामगारांच्या घरांस केंद्र सरकारनें अनुदान देऊं केलें, १९७७ मध्यें 'म्हाडा' अस्तित्वांत आली. घरें झालीं, मागणी त्याहून वेगानें वाढली. १९८२ च्या संपानंतर गिरण्याच उठल्या, आणि ज्या कामासाठीं या चाळी बांधल्या होत्या तें कामच शहरांतून गेलें.

आजच्या पुनर्रचनेंत पैशाची तऱ्हा बदलली आहे. कापसाच्या गासडीवर कर नाहीं. त्याच जमिनीवर अधिक उंच इमारती बांधून त्यांतील कांहीं भाग बाजारांत विकावयाचा आणि त्या नफ्यांतून जुन्या रहिवाशांस घर द्यावयाचें. म्हणजे सरकारी तिजोरींतून खर्च कमी दिसतो. परंतु जमीन हीही तिजोरीच आहे, आणि ती एकदां विकली कीं पुन्हा भरत नाहीं. यांतून ५५६ कुटुंबांस चांगलें घर मिळालें असेल तर तो खर्च आम्ही वायफळ म्हणणार नाहीं. आमची जिज्ञासा निराळी आहे. हल्लीं घर मिळण्यापूर्वीं माणूस 'पात्र' ठरावा लागतो. भाडेपावती, नांवाची नोंद, वारसाचा दाखला अमुक तारखेपूर्वींचा हवा. प्लेगच्या वेळीं ट्रस्टनें भरपाई दिली ती ज्याच्यापाशीं मालकीचा कागद होता त्यास. १९२० नंतर खोली मिळाली ती ज्याचें नांव वहींत चढलें त्यास. त्या वहीची प्रत कधीं कोणास पाहावयास मिळाली तर तींत अनेक भाडेकऱ्यांचीं नांवें, गांवें आणि गिरण्या सांपडतील. त्यांच्या खोलींत पथारी टाकून वीस-वीस वर्षें राहिलेले ते 'पाहुणे', आणि त्यांस दोन्ही वेळ भाकरी वाढणाऱ्या त्या खानावळवाल्या, यांची नोंद त्या वहींत नाहीं.